कॅडमधील भागरंग व्यवस्थापन

कॅडमधील भागरंग व्यवस्थापन म्हणजे संगणक-साहाय्यित आरेखनाच्या (कॅड) प्रणालीत एकाच सुट्या भागाच्या निरनिराळ्या आवृत्त्यांना निरनिराळे रंग नेमून देणे, आणि ते रंग जोडणीत तसेच फाइलींच्या देवघेवीत टिकवून ठेवणे. अशा आवृत्तीला कॉन्फिगरेशन म्हणतात. एकाच मापाचा व्हॉल्व्ह पाण्याच्या, हवेच्या आणि आम्लाच्या नळीवर बसणार असेल, तर आरेखक तीन स्वतंत्र फाइली करत नाही. एकाच फाइलीत तीन कॉन्फिगरेशन ठेवतो. भूमिती एकच राहते, रंग बदलतो.

रंग ही शोभा की माहिती

पडद्यावरील रंगाचे दोन हेतू असतात. जोडणीतील भाग एकमेकांपासून वेगळे दिसावेत, हा पहिला. तेथे कोणताही रंग चालतो. दुसऱ्या हेतूत मात्र रंग हीच माहिती असते, आणि व्यवस्थापनाचा खरा प्रश्न तेथे उद्भवतो.

रायगड जिल्ह्याच्या अंतर्भागातील कर्जत आणि खालापूर तालुक्यांत याची उदाहरणे शोधावी लागत नाहीत. घाटमाथ्यावरील तलावांचे पाणी पोलादी नळ्यांतून खाली आणून वीज निर्माण करणारी टाटांची केंद्रे खोपोली (१९१५) आणि भिवपुरी (१९२२) येथे उभी राहिली. पुढे खोपोलीत पोलादाचे व नळ्यांचे, तर रसायनी-पाताळगंगा पट्ट्यात रसायनांचे कारखाने आले. अशा कारखान्यांत शेजारी शेजारी धावणाऱ्या नळ्यांतून काय वाहते हे रंगावरून ओळखावे, यासाठी आयएस २३७९ हे भारतीय मानक आहे. त्यानुसार पाण्याच्या नळीचा मूळ रंग समुद्री हिरवा, हवेच्या नळीचा आकाशी, वायूच्या नळीचा कॅनरी पिवळा आणि आम्लाच्या नळीचा गडद जांभळा असतो. मूळ रंगावर पट्टे देऊन त्याच गटातील उपप्रकार दाखवतात. त्रिमिती प्रतिमानातील रंग चुकला आणि रंगाऱ्याने तोच प्रमाण मानला, तर दुरुस्तीला आलेला कामगार भलतीच नळी उघडू शकतो.

रंगांची उतरंड

एका भागावर एकाच वेळी अनेक पातळ्यांवर रंग दिलेले असू शकतात. सॉलिडवर्क्स या प्रणालीत (पहिली आवृत्ती १९९५) संपूर्ण पार्टचा रंग सर्वांत दुर्बळ असतो. त्यावर बॉडीचा, त्यावर फीचरचा, त्यावर पृष्ठाचा आणि सर्वांवर जोडणीत त्या घटकाला दिलेला रंग मात करतो. ‘पार्टचा रंग बदलला, तरी जोडणीत दिसत नाही’ ही नवशिक्यांची नेहमीची तक्रार असते. अशा वेळी बहुधा कोणीतरी जोडणीत किंवा एखाद्या पृष्ठावर आधीच रंग देऊन ठेवलेला असतो.

याच प्रणालीत रंग, पारदर्शकता आणि दृश्यता यांची नोंद ‘डिस्प्ले स्टेट’मध्ये होते. ही नोंद कॉन्फिगरेशनशी जोडता येते किंवा स्वतंत्र ठेवता येते. स्वतंत्र ठेवल्यास कॉन्फिगरेशन बदलले तरी रंग बदलत नाही. रंग देताना तो याच डिस्प्ले स्टेटपुरता की सर्वांसाठी, असा पर्याय येतो. तो न वाचता पुढे गेल्यास सर्व कॉन्फिगरेशन एकाच रंगाची होऊन बसण्याची शक्यता असते.

या कल्पनेचे जुने रूप ऑटोकॅडमध्ये (१९८२) आढळते. तेथे रेषेला क्रमांकाने रंग मिळतो (१ लाल, २ पिवळा, ३ हिरवा). पण ‘बायलेयर’ म्हटले की रंग स्तराकडून येतो आणि ‘बायब्लॉक’ म्हटले की तो ज्या गटात वस्तू बसवली त्या गटाकडून येतो. एकच ब्लॉक दोन ठिकाणी दोन रंगांत दाखवण्याची सोय यातून झाली.

तक्त्यातून रंग देणे

कॉन्फिगरेशनची संख्या वाढली की हाताने रंग देणे परवडत नाही. मग डिझाइन टेबल वापरतात: प्रत्येक ओळ एक कॉन्फिगरेशन, प्रत्येक स्तंभ एक गुणधर्म. सॉलिडवर्क्सच्या तक्त्यात रंगाच्या स्तंभात एकच पूर्णांक लिहायचा असतो. लाल, हिरवा आणि निळा हे घटक प्रत्येकी ० ते २५५ असतात. लाल घटकात हिरव्याची २५६ पट आणि निळ्याची ६५,५३६ पट मिळवली की तो पूर्णांक येतो. उदाहरणार्थ, लाल १३५, हिरवा २०६, निळा २३५ ही आकाशी छटा १,५४,५३,८३१ या संख्येने लिहितात.

येथे एक खाचखळगा आहे. संकेतस्थळांच्या षोडशमान रंगसंकेतात लाल घटक सर्वांत मोठ्या स्थानी असतो; या तक्त्यात तो सर्वांत लहान स्थानी असतो. संकेतस्थळावरचा संकेत तसाच दशमानात रूपांतरित करून भरला, तर लाल व निळा यांची अदलाबदल होते आणि वरची आकाशी छटा वाळूसारखी पिवळसर दिसू लागते. हवेची नळी वायूच्या नळीसारखी दिसणे ही साधी चूक म्हणता येणार नाही. तक्ता भरल्यावर प्रत्येक कॉन्फिगरेशन एकदा उघडून डोळ्यांनी पाहणे हाच यावर उपाय आहे.

फ्रीकॅड या मुक्त प्रणालीत फाइलीच्या आत भूमितीची नोंद वेगळी आणि दृश्य गुणधर्मांची नोंद वेगळी असते. रंग दुसऱ्या नोंदीत राहतो. त्यामुळे चित्रमय पटलाविना, केवळ आज्ञावलीतून फाइल उघडून जतन केल्यास रंग गळून पडू शकतात.

फाइलींची देवघेव

आरेखकाकडून कारखान्याकडे फाइल जाताना रंग टिकेलच असे नाही. एसटीएल स्वरूपात केवळ त्रिकोणांचे जाळे असते. रंगाची प्रमाणित सोय त्यात नाही. स्टेप या आंतरराष्ट्रीय मानकाच्या (आयएसओ १०३०३) एपी २०३ या भागाच्या मूळ आवृत्तीत रंग नव्हता. एपी २१४ मध्ये तो आला आणि २०१४ च्या एपी २४२ मध्येही आहे. कॉन्फिगरेशनचा तक्ता मात्र यांपैकी कशातूनही पुढे जात नाही. जे कॉन्फिगरेशन उघडे असेल तेवढेच पाठवले जाते. आयात केलेल्या घनाकारातून फीचर पुन्हा ओळखणारे फीचरवर्क्स हे सॉलिडवर्क्सचे साधन मुंबईच्या जॉमेट्रिक कंपनीचे होते. पण त्यानेही रंगांचा तक्ता परत मिळत नाही, तो नव्याने करावा लागतो.

छापील आरेखन तर बहुतेकदा काळ्या-पांढऱ्यात निघते, आणि लाल-हिरव्यातील भेद न जाणवणाऱ्या वाचकाला रंगीत प्रतही पुरेशी नसते. म्हणून जाणकार आरेखक प्रत्येक कॉन्फिगरेशनला रंगाचे नाव आणि आयएस ५ या रंगमानकातील छटाक्रमांक मजकुराच्या रूपात जोडतात: आकाशी १०१, समुद्री हिरवा २१७, कॅनरी पिवळा ३०९. हा मजकूर सुट्या भागांच्या यादीत आपोआप उमटवता येतो, आणि रंगाऱ्याने पडद्यावरील छटेऐवजी त्या क्रमांकावरूनच रंग घ्यायचा असतो.