कुंकवाचा डाग

वर्धा जिल्ह्यात वायगाव नावाची एकाहून जास्त गावं आहेत. एक निपाणी, दुसरं समुद्रपूर तालुक्यातलं हळद्या. या हळद्या वायगावच्या हळदीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. तिच्यात कर्क्युमिन भरपूर, म्हणून रंग गडद. कपड्यावर सांडली तर डागही तितकाच गडद, पण मानांकनाच्या कागदावर हे लिहायची सोय नसते.

पावडर-लिपस्टिक घरोघरी पोचण्याआधी आपल्याकडचा मेकअप म्हणजे हळद, कुंकू आणि काजळ. त्यातलं कुंकू म्हणजे पुन्हा हळदच. हळकुंडाच्या तुकड्यांना लिंबाचा रस आणि टाकणखार लावायचा, वाळवायचं आणि दळायचं. टाकणखारातलं बोरॉन कर्क्युमिनला धरतं आणि पिवळ्याचं लाल होतं. कर्क्युमिन वेगळं काढलं ते फोगेल आणि पेलेतिए यांनी, १८१५ साली. युरोपातल्या प्रयोगशाळांत हळदीत बुडवलेला कागद बोरॉन ओळखायला वापरत. कागद लाल झाला, मग त्यावर क्षार टाकला आणि तो हिरवट काळा पडला, की बोरॉन नक्की. मला हे वाचून गंमत वाटली, कारण हा प्रयोग आमच्याकडे मोरीत दर सणाला व्हायचा. पदरावरच्या कुंकवाला साबण लावला की डाग काळपट. नुसत्या हळदीला लावला की लाल. आणि बोल मात्र साबण लावणारीला.

साबण कुठला, याने फरक पडत नाही. १९३४ च्या डिसेंबरात अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. वर्ध्यात मगनवाडीला त्याचं मुख्यालय होतं आणि जे. सी. कुमारप्पा त्याचं काम पाहत. संघाच्या उद्योगांत साबण करणंही होतं. पण स्वदेशी असो की विलायती, क्षार तो क्षारच. रिठ्यात तो नसतो, म्हणून रिठ्याच्या पाण्यात हळद पिवळीच राहते. साबणाने लाल झालेला डागही लिंबू पिळलं की परत पिवळा होतो.

पिवळा झाला म्हणजे गेला नव्हे. त्यासाठी आजीचा एकच उपाय होता: उन्हात टाक. कर्क्युमिन उजेडात तुटतं. रंगारी म्हणूनच हळदीला कच्चा रंग म्हणत. कोरडं कुंकू आधी झटकायचं, गार पाण्याने आणि रिठ्याने धुवायचं, मग ओलं कापड उन्हात पसरायचं. मे महिन्यात आमच्याकडे पारा ४५ च्या पुढे जातो. पांढऱ्या सुती लुगड्यावरची हळद दोन-तीन दुपारींत उडते. कुंकवाला जास्त वेळ लागतो.

हा उपाय चालायचा, कारण डाग हळदीचा होता. १८५६ साली पर्किनने पहिला कृत्रिम रंग केला, पुढे असले रंग स्वस्त झाले आणि कुंकवातही शिरले. कपाळावर ॲलर्जी उठलेल्या बायकांच्या कुंकवात तपासणीत सुदान-१ सारखे रंग सापडलेले आहेत. हे रंग तेलात विरघळतात, पाण्यात नाही. त्यांना रिठ्याचं काही वाटत नाही. स्पिरिटचा बोळा लावला तर थोडंफार सुटतात, तेही डाग ताजा असेल तर.

माझ्या मावशीच्या कपाळावर चार वर्षांपूर्वी काळसर चट्टा आला. त्वचेच्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, कुंकू कुठलं लावता? जत्रेत घेतलेली पुडी होती, वर नाव-पत्ता काही नाही. त्याच कुंकवाचा तिच्या पांढऱ्या साडीवरचा डाग आठवडाभराच्या उन्हातही तसाच होता. आम्ही सगळे तेव्हा साडीसाठी हळहळत होतो.

आता ती नवं कुंकू आणलं की चिमूटभर ओल्या चिंधीवर चोळून गच्चीवर ठेवते. फिकं झालं तरच कपाळाला लावते. ही चाचणी पुरेशी नाही, काही कृत्रिम रंगही उन्हात उडतात, असं मी तिला सांगितलं. ती म्हणाली, मग तू पुडीवर काय काय घातलंय ते लिहून आण, मी ते वाचते.