दशावताराची न लिहिलेली शिस्त

सिंधुदुर्गातल्या दशावताराला संहिता नसते, तालीम नसते, हे कळलं की बाहेरचा माणूस हमखास समजतो, हा मोकाट खेळ असणार. प्रत्यक्षात त्याची चौकट कडक आहे. जत्रेच्या रात्री आधी आड दशावतार होतो: गणपती, रिद्धी-सिद्धी, पूजा सांगणारा भटजी, सरस्वती, ब्रह्मदेव, वेद पळवणारा संकासुर आणि त्याला मारणारा विष्णू. त्यानंतरचं आख्यान कुठलं लावायचं, कोण काय करणार, हे मात्र अनेकदा रंग लावायच्या सुमारास ठरतं. कथा पुराणातली, गावाला तोंडपाठ. संवाद कुणालाच पाठ नाहीत, समोरच्याचं वाक्य ऐकल्यावरच आपलं सुचायचं. माझं म्हणणं असं, की ही मोकळीक त्या चौकटीच्या जिवावरच उभी आहे. संकासुराकडे पाहा. काळा मुखवटा, बाहेर लोंबणारी लांब लाल जीभ. देव प्रमाण मराठीत बोलतात, हा मालवणीत, आणि समोर बसलेल्यांचीही खेचतो. सगळ्यांत बेबंद पात्र सगळ्यांत ठरलेल्या भागात बसवलेलं आहे. त्याचा वध होणार हे पक्कं, म्हणून तोवर त्याने काहीही बोललेलं चालतं.

यावर आक्षेप येतो की आयत्या वेळचं बोलणं म्हणजे घोटलेल्या वाक्यांची फिरवाफिरव. ठेवणीतली वाक्यं असतात, हे खरंच आहे. वर्षानुवर्षं राजा करणाऱ्याकडे ती साठणारच. पण प्रतिपक्षाने अनपेक्षित प्रश्न टाकला की साठ्यातलं काय काढायचं, हे साठा सांगत नाही. बोलता बोलता नट एकदम पदात शिरतो, तेव्हा पायपेटीवाल्याला त्याचा सूर आणि पखवाजाला त्याची लय त्याच क्षणी पकडावी लागते. इथली परिपूर्णता या तयारीत असते आणि ती रोज नव्याने सिद्ध करावी लागते.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: मराठी रंगभूमी मोठी झाली ती लेखणीमुळे. विष्णुदास भाव्यांनी १८४३मध्ये सांगलीत ‘सीतास्वयंवर’ केलं तेव्हा पदं सूत्रधार गायचा आणि पात्रांची भाषणं बरीचशी आयत्या वेळची असायची. १८६१मध्ये विनायक जनार्दन कीर्तन्यांचं ‘थोरले माधवराव पेशवे’ आलं, ‘बुकिश’ नाटकांचं युग सुरू झालं. त्याच्या आधीच्या शतकात व्हेनिसमध्ये गोल्डोनीने मुखवट्यांच्या उत्स्फूर्त नाटकाला लिखित संवादांत बांधलं होतं. यातून जे मिळालं ते नाकारण्यात अर्थ नाही. संहितेशिवाय खाडिलकरांचा ‘कीचकवध’ पुढच्या पिढ्यांच्या हाती पडला नसता. पण सोबतच शहरी नजरेत न लिहिलेलं ते कच्चं, अशी समजूत रुजली आणि ती मला साफ चुकीची वाटते. लिहिलेल्या नाटकात निवड आधी होते, दशावतारात ती प्रेक्षकांदेखत होते; निवडीची कसोटी दोन्हीकडे तितकीच कठोर.

आज खरा धोका अव्यवस्थेचा नाहीच. ट्रिकसीनच्या प्रयोगांत धूर, प्रकाश, उडणारी पात्रं येतात, गर्दीही होते, आणि मंडळं जगायची तर गर्दी हवीच. मात्र कळ कोणत्या वाक्यावर दाबायची हे ठरलं की ते वाक्यही ठरतं. मग समोरच्याने कितीही नवा प्रश्न टाकला, तरी राजाला त्याच्यामागे फार दूर जाता येत नाही.