राबाचा टहाळ आणि बांधावरचें झाड

भातशेतीचा इतिहास म्हणजे सारावसुलीचे आंकडे व कालव्यांची लांबी, अशी आपल्याकडे एक समजूत होऊन बसली आहे. आजच्या पालघर जिल्ह्याचा, म्हणजे जुन्या ठाणें जिल्ह्याच्या उत्तरभागाचा, इतिहास पाहूं गेल्यास मात्र तेथील भाताची कथा ही अगोदर झाडाच्या पानाची कथा आहे असें आढळून येतें. पानावांचून भात नाहीं, हें तेथील शेतकऱ्यास कोणी शिकवावें लागलें नाहीं. पान कोणाच्या झाडाचें, हा वाद मात्र पिढ्यान् पिढ्या चालला.

सह्याद्रीच्या पायथ्यापासून तारापूरच्या खाडीपर्यंत भाताचीं रोपें राबावर करण्याची जुनी वहिवाट आहे. हिवाळा सरतां सरतां ऐन, किंजळ इत्यादि झाडांचा टहाळ तोडावयाचा, तो वाफ्यावर पसरून वर शेण, पालापाचोळा व गवत घालावयाचें, त्यावर मातीचा पातळ थर द्यावयाचा आणि उन्हाळ्यांत वाऱ्याच्या विरुद्ध बाजूनें आग लावावयाची, म्हणजे राब सावकाश जळतो. पाऊस पडतांच ह्या भाजलेल्या जमिनींत बीं पेरतात आणि आषाढांत रोपें उपटून खाचरांत लावतात. खाचराच्या वरच्या उताराची हलकी जमीन ती वरकस. तिच्यावर नागली, वरई, उडीद पिके, आणि टहाळाचीं झाडेंहि तेथेंच वाढत. वरकस तोडून खाचर पोसावयाचें, असा हा संसार होता.

१८७८ चा जंगल-कायदा आला आणि ह्या संसाराचें एक अंग सरकारच्या ताब्यांत गेलें. राब म्हणजे रानाची नासाडी, असें जंगलखात्याचें म्हणणें पडलें. राबाशिवाय रोप तरारत नाहीं, असें कुणब्याचें व वारल्याचें. जंगलखात्यानें शेतकऱ्याची कशी कोंडी केली हें महात्मा फुल्यांनीं १८८३ च्या सुमारास ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथांत किती कडक शब्दांत मांडलें आहे तें आमच्या वाचकांस ठाऊकच आहे. गाऱ्हाणीं इतकीं वाढलीं कीं १८८५ सालीं मुंबई सरकारास जंगल-कमिशन नेमावें लागलें, आणि त्याच्यापुढील चौकशींत ठाणें व कुलाबा या जिल्ह्यांनाच अग्रस्थान मिळालें. पुढें इंग्लंडहून आलेल्या डॉ. व्होल्कर यांनीं १८९३ च्या आपल्या अहवालांत सरपण व चारा यांसाठीं गांवोगांव राखीव वनें लावण्याची सूचना केली. सूचना चांगली होती. परंतु झाड शेताबाहेर आणि शेत झाडाबाहेर, ही विभागणी तींतहि कायमच राहिली.

शेंगवर्गांतील वनस्पतींच्या मुळांवर गांठी असतात आणि त्यांत राहणारे सूक्ष्म जंतु हवेंतील नत्र वनस्पतीस मिळवून देतात, हें १८८६ सालीं हेलरीगेल व विल्फार्थ या जर्मन शास्त्रज्ञांनीं दाखवून दिलें होतें. राबाचा ऐन कांहीं ह्या वर्गांतला नव्हे. शिवाय पाला जाळला म्हणजे त्यांतील बहुतेक नत्र धुरावाटे निघून जातो, आणि मागें उरते ती पालाश व स्फुरद असलेली राख. मग राबाचा गुण कशांत? पुण्याच्या कृषि-महाविद्यालयांतील हॅरल्ड मॅन यांनीं जोशी व कानिटकर या सहकाऱ्यांसह १९१२ सालीं यावर एक प्रबंधच प्रसिद्ध केला. माती भाजल्यानें तणाचें बीं मरतें व जमिनींत अडकून पडलेलें अन्न रोपास सुटें होऊन मिळतें. राखेचा गुण निराळाच. तेव्हां ज्यास अडाणीपणा म्हणून नांवें ठेविलीं गेलीं, त्यांत युक्ति होती. फक्त ती महाग होती: एका वाफ्यासाठीं पुष्कळ झाडें उघडीं होत, आणि खाचरास त्या नत्राचा लाभ जवळजवळ होतच नसे.

जाळण्याऐवजीं पान तसेंच मातींत घालावें आणि झाड शेतांतच ओळीनें लावावें, ही कल्पना आमच्या देशास अगदींच परकी होती असें नाहीं. देशावरच्या पानमळ्यांत शेवरी, हादगा व पांगारा यांच्या ओळी लावून त्यांवर नागवेल चढविण्याची रीत जुनी आहे. हीं तिन्ही झाडें शेंगवर्गांतलींच. तिमोर बेटावरील अमरासी प्रांतांत १९३० नंतरच्या दशकांत डोंगरउतारावर सुबाभळीच्या ओळी लावणें तेथील सत्ताधाऱ्यांनीं सक्तीचें केलें होतें. ह्या पद्धतीस शास्त्राचें रूप दिलें तें नायजेरियांतील इबादान येथील आंतरराष्ट्रीय कृषिसंस्थेनें. १९७० नंतरच्या दशकांत कँग व विल्सन यांनीं तेथें सुबाभूळ, गिरिपुष्प इत्यादींच्या ओळींमध्यें मका पेरला, झाडें वरचेवर छाटून पाला पिकांत पसरला. रान तोडून पेरणें व मग जमीन वर्षानुवर्षें पडीत टाकणें, ह्या फिरत्या शेतींतील विसांवा आणि पीक एकाच जमिनीवर एकाच वेळीं साधावें, हा त्यांचा हेतु.

त्याच सुमारास उरुळीकांचनच्या मणिभाई देसाई यांनीं हवाईची उंच सुबाभूळ महाराष्ट्रांत आणली. (तिचें पहिलें नांव ‘कुबाभूळ’, तें बदलण्यांत शहाणपण होतें हें कोणीहि मान्य करील.) पालघरच्या बाजूस ह्या विचाराचें केंद्र कोसबाड. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांच्या बालशिक्षणामुळें ही टेकडी आमच्या घरोघरीं परिचित आहे. परंतु तेथेंच गोखले एज्युकेशन सोसायटीची कृषिसंस्थाहि आहे, आणि जयंतराव पाटील यांनीं तेथून वारली शेतकऱ्यांत वृक्षलागवडीचा पुष्कळ प्रसार केला. १९७६ सालीं तेथें कृषि विज्ञान केंद्र निघालें.

सुबाभळीनें मात्र पुरती साथ दिली नाहीं. खाचरांत पावसाळाभर चिखल असतो आणि पाणी साचलेल्या जमिनींत हें झाड टिकत नाहीं. इबादानची ओळ येथें खाचरांतून उचलून बांधावर किंवा वरकसाच्या उतारावर न्यावी लागते. कापणी झाली कीं गुरें-शेळ्या मोकळ्या सुटतात, आणि त्यांना सुबाभळीचा पाला फार प्रिय. त्यांत १९८८ च्या सुमारास शेंडे शोषून घेणारी कीड देशांत शिरली.

ह्या शेतकी कारणांपेक्षां जमिनीचा प्रश्न आम्हांस अधिक महत्त्वाचा वाटतो. झाडाची ओळ उपयोगी पडण्यास दोन-तीन वर्षें लागतात. डहाणू व उंबरगांव तालुक्यांतील जो वारली कूळ सावकाराच्या जमिनीवर राबत होता, ज्यास वेठ चुकत नव्हती, त्यानें तिसऱ्या वर्षाचें झाड कोणासाठीं लावावें? १९४५ सालीं शामराव व गोदावरी परुळेकर यांच्या नेतृत्वाखालीं वारल्यांनीं वेठ मोडली; त्याच वर्षीं ऑक्टोबर महिन्यांत तलवाड्यास गोळीबार झाला. १९४८ चा कुळकायदा आणि १ एप्रिल १९५७ चा कृषकदिन त्यानंतरचे. वाटेकरी बांधावर झाड लावीत नाहीं याला त्याचा आळस कारण आहे, असें लिहिणाऱ्यांनीं ह्या तारखा एकदां ओळीनें मांडून पाहाव्या.

ओळीचें झाड शेवटीं ह्या भागांत आलें तें गिरिपुष्पाच्या रूपानें. मध्य अमेरिकेंत ह्यास ‘कोकोची आई’ म्हणतात. कोंकणांत त्याचें नांव उंदीरमारी. त्याच्या उग्र वासामुळें गुरें सहसा तोंड लावीत नाहींत, आणि मोकाट चराईच्या मुलुखांत हा केवढा गुण! डॉ. ना. कृ. सावंत यांच्या चारसूत्री भातशेतींत ह्याच पाल्याचें एक सूत्र आहे: चिखलणीपूर्वीं गुंठ्यास सुमारें ३० किलो हिरवा पाला खाचरांत पसरावयाचा. उरलेलीं तीन सूत्रें भाताच्या तुसाची राख वा पेंढा, नियंत्रित लावणी आणि युरिया-डीएपीच्या गोळ्या हीं. राबाची राख आणि राबाचें पान, दोन्ही यांत आहेत. जळत नाहीं तें फक्त पान.

आतांची अडचण हातांची आहे. पाला छाटावयाचा काळ आणि आवणीचा काळ जवळजवळ एकच. तारापूरची अणुवीज १९६९ सालीं वाहूं लागली, बोइसरच्या माळावर कारखाने उठले, आणि आसपासच्या पाड्यांतील तरुण सकाळीं कारखान्याची वाट धरूं लागले. इतर कुटुंबें दिवाळीनंतर वीटभट्टीवर जातात तीं पावसाच्या तोंडावर परततात. आफ्रिकेंतहि पुष्कळ शेतकऱ्यांनीं ही पद्धत सोडली ती छाटणीच्या कष्टामुळेंच. गोणींतला युरिया एका माणसाच्या डोक्यावरून शेतांत जातो. तेवढा नत्र पाल्यांतून आणावयाचा तर भाऱ्यांमागून भारे वाहावे लागतात.

इकडे २००६ च्या वनहक्क कायद्यानें १८७८ चें जुनें प्रकरण पुन्हां उघडलें आहे. पिढ्यान् पिढ्या कसलेल्या दळीचें हक्कपत्र जव्हार, विक्रमगड, डहाणू या तालुक्यांत अनेकांच्या हातीं आलें. कित्येकांना तें मागितल्याहून कमी क्षेत्राचें मिळालें. गिरिपुष्पाचें खुंट पावसाच्या आरंभीं बांधांत रोवलें कीं फुटतें. हक्कपत्रांतील जमीन नेमकी कोठें संपते हें मोजून मिळालें नसेल, तर बांध कोठें घालावा हें मात्र त्या कुटुंबास अजून ठरवितां येत नाहीं.