एकाच टेकडीवरची ताटं

या प्रवासाचे नियम दोनच. जागा सोडायची नाही, फक्त साल बदलायचं. आणि जिथे थांबाल तिथे पुढ्यात येईल ते जेवायचं. जागा आहे धाहरान, सौदी अरबस्तानच्या पूर्व किनाऱ्याजवळची चुनखडीची टेकडी. बहारीनमध्ये तेल सापडल्यावर समुद्रापलीकडून भूवैज्ञानिकांची नजर गेली ती या टेकडीवर.

मार्च 1938. सात नंबरच्या विहिरीला तेल लागलं आहे. आधीच्या विहिरींनी अमेरिकन तेलकंपनीला रडवलं होतं. भूवैज्ञानिक मॅक्स स्टाइनेकी ‘आणखी खोल जा’ म्हणत राहिला, म्हणून 1,440 मीटरपर्यंत पोचता आलं. पण तुम्ही तेल बघायला आलेला नाहीत. संध्याकाळ झाली आहे. मजुरांच्या झावळ्यांच्या झोपडीत, जिला इथे बरस्ती म्हणतात, चटईवर एक मोठं ताट ठेवलं आहे आणि सहा-सात माणसं त्याभोवती दाटीवाटीने बसली आहेत. कोणी काही विचारत नाही, सरकून तुम्हाला जागा करून देतात. ताटात भात, वर थोडा मासा, कडेला खजूर. उजव्या हाताने, आपल्या बाजूचंच खायचं. मटण ईदला, लग्नाला किंवा पाहुणा आला तर. रोजचा खरा आधार खजूर, तोही अल-हसा या मरुद्यानाच्या बागांतला.

भाताचा घास घेतलात की ओळखीचा वाटेल. तो हिंदुस्थानातून गलबताने आलेला तांदूळ आहे. कॉफीतला वेलदोडाही तिकडचाच. हे विकत घ्यायला लागणारा पैसा या किनाऱ्याला मोत्यांतून मिळायचा आणि आखाती मोत्यांची मोठी बाजारपेठ होती मुंबई. जपानी संवर्धित मोती आले आणि हा धंदा बसला. तुमच्या शेजारचा माणूस कालपर्यंत पाणबुड्या होता. भरल्या पोटी बुडी मारता येत नाही, म्हणून तो उन्हाळाभर दिवसा खजूर-कॉफीवर राहायचा आणि रात्री भात-मासा खायचा. वर नाखवाचं कर्ज. तेलकंपनीची मजुरी त्याला यापेक्षा बरी वाटली तर नवल नाही.

आता थोडं चाला. त्याच टेकडीवर अमेरिकन माणसांची मेस आहे. टेबल-खुर्ची, काटे-चमचे, डबाबंद फळं, लोणी, गोमांस. श्रीमंत देशाचं अन्न समुद्रामागून समुद्र ओलांडून वाळवंटात आलं आहे. ते खाताना मघाच्या झोपडीची आठवण ठेवा. आहारातली ही दरी साधारणपणे दोन खंडांमध्ये असते, इथे ती चालत पार करता येते.

युद्धाच्या वर्षांत फार रेंगाळू नका. जहाजं कमी झाली, अमेरिकन माणसं शंभराच्या आसपास उरली. तिकडे मुंबईत 1943 च्या मे महिन्यात रेशनिंग सुरू झालं. तांदूळ पाठवणाऱ्याच्याच घरी तांदूळ मोजून मिळू लागला.

1950. कंपनीचं नाव आता अराम्को. या थांब्यावर तुम्ही मुंबईहून भरती झालेले कारकून आहात, घर गिरगावात. तुमच्यासारखे कारकून, टायपिस्ट, कारागीर बरेच आहेत. कॅम्प तीन आहेत. अमेरिकनांच्या कॅम्पात हिरवळ, पोहण्याचा तलाव, बायकामुलं. मधल्या कॅम्पात तुम्ही. आणि खाली सौदी कामगार, ज्यांतले बरेचसे अजून बरस्तीतच राहतात आणि स्वतःचं स्वतः रांधतात. तुमच्या मेसमध्ये वरण-भाताच्या जवळपास जाणारं काहीतरी मिळतं, कधी मटणाचा रस्सा. पोट भरतं. गिरगावात मात्र रेशनकार्डावर ज्वारी-तांदूळ मोजून मिळतो, आणि तुमची मनिऑर्डर पोचली की त्यात वरून थोडं तूप, मुलांना दूध अशी भर पडते. पगार, घरं आणि वागणूक यांवरून 1945 मध्येच इथे संप झाले आहेत. 1953 च्या ऑक्टोबरमध्ये हजारो सौदी कामगार पुन्हा काम बंद ठेवतील. त्यांच्या पायाखाली जगातल्या सर्वांत मोठ्या तेलसाठ्यांपैकी एक आहे आणि त्यांच्या ताटात मोत्यांच्या काळातलाच भात आहे. मला वाटतं, हे त्यांना रोज डोळ्यांनी दिसत होतं म्हणूनच ते सहन झालं नाही.

1980. इथे उतरताच डोळे दिपतील. 1973 च्या अखेरीस तेलाचा भाव काही महिन्यांत चौपट झाला आणि पैसा आला. सुपरमार्केटच्या फ्रीजमध्ये ब्राझीलची गोठवलेली कोंबडी, डेन्मार्कचं लोणी, फिलिपिन्सची केळी. ज्या घरात तुम्ही पाहुणे म्हणून बसला आहात, तिथल्या यजमानाचे आजोबा पाणबुडे होते. आज कबसा या मटण-भाताचं भलंमोठं ताट येतं: लांब दाण्याचा बासमती, वर अख्ख्या मांडीचं मटण, बेदाणे, बदाम. बाजूला पेप्सीच्या बाटल्या. आग्रह थांबत नाही. यजमानाच्या आईने उपास काढलेले आहेत, त्यामुळे तुमच्या ताटात मांस वाढताना तिच्या चेहऱ्यावरचा आनंद नीट बघून घ्या. श्रीमंत देशांच्या आहारावर टीका करताना आपण हा आनंद विसरतो.

सरकारनेही याच सुमारास गव्हाचा ध्यास घेतला. शेतकऱ्याला जागतिक भावाच्या कितीतरी पट दर देऊन, हजारो वर्षांपूर्वी जमिनीत साठलेलं पाणी उपसून वाळवंटात गहू पिकवला. 1990 च्या आसपास हा देश गहू निर्यात करत होता. ते पाणी परत भरून येणारं नव्हतं. 2008 पासून सरकारी खरेदी टप्प्याटप्प्याने कमी करावी लागली.

1985. टेकडी उतरून थोडं खाली या. खोबरला लागून असलेल्या थुक्बा वस्तीत एका खोलीत आठ माणसं राहतात. खेड, दापोली, चिपळूण, श्रीवर्धन. जवळजवळ सगळं कोकण इथे आहे. तुम्ही त्यांतले एक, एअरकंडिशनिंगचे मेकॅनिक. आज स्वयंपाकाची पाळी तुमची. मोठ्या पातेल्यात मसूर, त्यात कांदा-टोमॅटो, फ्रीजमधली अर्धी कोंबडी आठ जणांत. बकाल्यातून, म्हणजे किराणा दुकानातून, आणलेली खुबूस रोटी, एका रियालला पाकीट. कोणी सणाला घरून आणलेले सोडे काढतो, तेव्हा वास दोन मजल्यांवर जातो. खर्चाचा हिशेब वहीत, महिनाअखेर भागाकार. जगातल्या श्रीमंत देशांपैकी एकात तुम्ही राहता आणि जेवता ते जवळपास 1938 च्या पाणबुड्यासारखं: एक ताट, भोवती सगळे, मांस बेताचं.

जेवण झाल्यावर टेपरेकॉर्डर लावा. फोन महाग आहे, म्हणून घरून कॅसेट येते. एका बाजूला आई बोलते, दुसऱ्या बाजूला बायको, मधे मुलांचा गोंगाट. ‘पाटपाण्याचं काम झालं. तुम्ही पाठवलेल्या पैशांतून फ्रीज घेतला. आता मासळी दोन दिवस टिकते. धाकट्याला दूध रोज घालतो. या ईदला अख्खं बोकड घेतलं, शेजारी सगळ्यांना वाटलं.’ खोलीतले आठही जण गप्प होऊन दुसऱ्याच्या घरचा स्वयंपाक ऐकतात. मग कोणीतरी म्हणतं, ‘चाचा, तो बोकडाचा भाग परत लावा ना.’

इथे थोडं थांबून एक पुस्तक उघडू या. छायाचित्रकार पीटर मेंझेल आणि लेखिका फेथ द’अलुइसिओ यांचं ‘हंग्री प्लॅनेट’, 2005. देशोदेशीची कुटुंबं त्यात आठवड्याभराच्या अन्नासमोर बसलेली दिसतात. चाडच्या निर्वासित छावणीतल्या सहा जणांच्या कुटुंबाचा आठवड्याचा खर्च सव्वा डॉलरच्या आसपास, जर्मनीतल्या चौघांचा पाचशे. हे फोटो मला महत्त्वाचे वाटतात, कारण टन आणि कॅलरींच्या तक्त्यांत हरवलेला माणूस त्यांत दिसतो. तरी थुक्ब्याच्या त्या खोलीचा फोटो काढायचा झाला तर कुटुंब कुठे बसवायचं? मसूर-खुबूस सौदीत, दूध-बोकड खेडमध्ये. गरीब देशातलं ताट भरलं, कारण त्याच घरातला एक माणूस श्रीमंत देशात गरिबाचं जेवत होता. सरासरी काढली की दोन्ही देशांच्या आकड्यांत हा माणूस चुकीच्या बाजूला मोजला जातो. आपल्याकडे कोकणातल्या बंगल्यांवर खूप लिहिलं गेलं. त्या बंगल्यांच्या चुली कोणाच्या काटकसरीवर पेटल्या, हे फारसं लिहिलं गेलेलं नाही.

शेवटचा थांबा आजचा. सात नंबरच्या विहिरीजवळ आता इथ्रा या सांस्कृतिक केंद्राची चकचकीत वास्तू उभी आहे, आत संग्रहालय आणि ग्रंथालय. आजूबाजूला बर्गर, सुशी, पाकातली कुनाफा. जेवणाच्या यादीवर प्रत्येक पदार्थापुढे कॅलरी छापलेल्या दिसतील, 2019 पासून ते सक्तीचं आहे. त्याआधी 2017 मध्ये शीतपेयांवर 50 टक्के आणि एनर्जी ड्रिंकवर 100 टक्के कर बसला. कारण उघड आहे: प्रौढांमध्ये मधुमेहाचं मोठं प्रमाण. आजोबांच्या ताटातला भात-खजूर नातवाच्या ताटातही आहे, पण उन्हातली कष्टाची कामं दुसऱ्या देशांतल्या माणसांकडे गेली आणि साखर बाटलीतून येऊ लागली.

थुक्ब्यातल्या मेकॅनिकचा मुलगा आता याच भागात इंजिनिअर आहे. पगार बरा, त्यामुळे बायको आणि दोन मुलंही आली होती. हायपरमार्केटमध्ये कोकम, नाचणीचं पीठ, कढीपत्ता, सगळं मिळायचं. डब्यात थालीपीठ जायचं, शुक्रवारी घरीच हमूर मासा तळला जायचा. पहिल्यांदाच या घराचं सगळं ताट एका देशात होतं. मग जुलै 2017 पासून परदेशी नोकरदाराच्या प्रत्येक आश्रितामागे महिन्याला 100 रियाल शुल्क लागलं आणि दरवर्षी वाढत 2020 मध्ये ते 400 झालं. तिघांचे महिन्याला बाराशे रियाल. अनेक कुटुंबांप्रमाणे हेही परत गेलं. इंजिनिअरने फ्लॅट सोडला, दोन मित्रांबरोबर खोली घेतली. मसूर, खुबूस, पाळीचा स्वयंपाक.

तुम्ही आलात तेव्हा तो सुट्टीसाठी बॅग भरतो आहे आणि हातातल्या काट्यावर वजन बघतो आहे. 30 किलोत अल-हसाचे खलास जातीचे खजूर, बदाम, मुलांची चॉकलेटं, दुधाच्या पावडरीचे डबे. परतताना सोडे, सुकट, आमसुलं आणि आईच्या हातचा मसाला आणायचा आहे, त्याची यादी भिंतीवर चिकटवली आहे. वजन दीड किलो जास्त भरतं. तो खजुरांचं एक खोकं बाहेर काढतो आणि म्हणतो, ‘हे तुम्ही खा. वडिलांना गेल्या वर्षी खेडमध्ये शुगर निघाली.’