सहावी ते आठवी: शाळेत काय शिकतात आणि आठवी महत्त्वाची का?

सहावी ते आठवी म्हणजे उच्च प्राथमिक टप्पा. वाशिम जिल्ह्यातलं मेडशी असो की मुंबई, मराठी शाळांत विषय तेच: मराठी, हिंदी, इंग्रजी, गणित, विज्ञान, इतिहास-नागरिकशास्त्र, भूगोल. सोबत कला, कार्यानुभव आणि खेळ.

यात आठवी निर्णायक. २०२३ च्या नियमानुसार वार्षिक आणि पुनर्परीक्षा दोन्हींत नापास झाल्यास पुन्हा त्याच वर्गात बसावं लागतं. शिक्षण हक्क कायद्यातलं मोफत शिक्षणही १४ वर्षांपर्यंतच.

पुढच्या खर्चाची चिंता आहे? मग आठवीत एनएमएमएस परीक्षा द्या. शाळा सरकारी किंवा अनुदानित हवी, पालकांचं वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत आणि सातवीत ५५ टक्के (अनुसूचित जाती-जमातींसाठी ५०). निवड झाल्यास नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात. अर्ज शाळेमार्फत जातो. मुख्याध्यापकांना आजच विचारा.