शयनसाहित्य (गिरिभ्रमण)

गिरिभ्रमण, दुर्गभ्रमंती किंवा शिबिराच्या वेळी उघड्यावर, तंबूत वा गुहेत रात्र काढण्यासाठी सोबत नेल्या जाणाऱ्या अंथरूण-पांघरुणास शयनसाहित्य असे म्हणतात. यात मुख्यतः मॅट, स्लीपिंग बॅग, तिच्या आतील अस्तर (लायनर), उशी आणि मच्छरदाणी किंवा तंबू यांचा समावेश होतो. महाराष्ट्रात या कामासाठी घोंगडी, गोधडी, सतरंजी आणि चटई यांचा वापर पूर्वीपासून होत आला आहे. शयनसाहित्याचा संबंध केवळ आरामाशी नसून सुरक्षिततेशीही आहे. अपुऱ्या झोपेनंतर उतरणीच्या वाटेवर तोल जाण्याचा धोका वाढतो; तर भिजलेल्या व गारठलेल्या अवस्थेत शरीराचे तापमान घातक पातळीपर्यंत खाली येऊ शकते. सह्याद्रीतील मुक्कामासाठी साहित्याची निवड प्रामुख्याने तीन बाबींवर ठरते : जमिनीपासूनचे उष्णतारोधन, ओलाव्यापासूनचे संरक्षण आणि साप, विंचू व कीटक यांच्यापासूनचा बंदोबस्त. पांघरुणाची जाडी ही त्यानंतरची बाब आहे.

पारंपरिक साहित्य

घोंगडी ही दख्खनी जातीच्या मेंढ्यांच्या लोकरीपासून विणली जाते. मेंढीपालन धनगर समाजाकडे, तर विणकाम अनेक ठिकाणी सणगर समाजाकडे चालत आले आहे. विणण्यापूर्वी ताण्याच्या धाग्यांना चिंचोक्यांची खळ दिली जाते. लोकर काही प्रमाणात ओलावा शोषूनही ऊब टिकवून धरते, त्यामुळे माळरानावर व पावसाळी हवेत रात्र काढणाऱ्या मेंढपाळांना घोंगडी अंथरूण आणि पांघरूण अशा दोन्ही प्रकारे उपयोगी पडते. मात्र ती जड असून भिजल्यावर तिचे वजन आणखी वाढते.

गोधडी (काही भागांत वाकळ) जुन्या लुगड्यांचे व धोतरांचे थर एकत्र शिवून केली जाते. कोरड्या हवेत ती सुखद असली, तरी सुती कापड पाणी लवकर शोषते व उशिरा वाळते. याच कारणाने पावसाळ्यात सुती पांघरूण गिरिभ्रमणास अयोग्य मानले जाते. अंथरूण-पांघरूण गुंडाळून बांधलेल्या गाठोड्याला वळकटी म्हणतात. रेल्वेप्रवासात वळकटीसाठी होल्डॉल ही जाड कापडाची पिशवी बराच काळ प्रचलित होती. मोठ्या संख्येने लोकांनी अनेक रात्री घराबाहेर काढण्याची परंपरा महाराष्ट्रात पंढरीच्या वारीत दिसते. तेथे दिंड्यांच्या मुक्कामासाठी राहुट्या उभारल्या जातात आणि सामान वाहनांतून पुढे जाते. गिरिभ्रमणात सर्व सामान पाठीवरूनच न्यावे लागत असल्याने वजन हा निवडीचा स्वतंत्र निकष ठरतो.

आधुनिक साहित्याचा विकास

स्लीपिंग बॅगच्या आरंभीच्या व्यापारी नमुन्यांपैकी एक वेल्समधील न्यूटाउन येथील व्यापारी प्राइस प्राइस-जोन्स यांनी तयार केला. ‘युक्लिसिया रग’ या नावाच्या या घडीच्या लोकरी पांघरुणाचे एकस्व त्यांनी १८७६ मध्ये घेतले. त्यात हवा भरता येणाऱ्या रबरी उशीसाठी खिसा होता. रशियन सैन्यानेही या वस्तूची मोठी मागणी नोंदवली होती. पुढे बदकांची वा हंसांची मऊ पिसे (डाऊन) आणि विसाव्या शतकात पॉलिएस्टरचे कृत्रिम तंतू भरलेल्या बॅगा प्रचारात आल्या. १९७० च्या दशकात अमेरिकेतील सिअ‍ॅटल येथे झडप उघडताच आपोआप फुगणारी फोमयुक्त मॅट विकसित झाली.

उष्णता कमी होण्याची कारणे

झोपलेल्या व्यक्तीच्या शरीरातील उष्णता वहन, अभिसरण, प्रारण आणि बाष्पीभवन या चार मार्गांनी बाहेर जाते. यांपैकी जमिनीकडे होणारे वहन बऱ्याचदा दुर्लक्षित राहते. पांघरुणातील तंतू वा पिसे स्वतः ऊब निर्माण करत नाहीत. त्यांच्यात अडकलेली स्थिर हवा उष्णता रोखून धरते. अंगाच्या भाराने स्लीपिंग बॅगचा खालचा भाग दबतो, त्यातील हवा निघून जाते आणि त्या बाजूचे रोधन जवळजवळ संपते. त्यामुळे जाड बॅग असूनही मॅटशिवाय झोपल्यास पाठ व कंबर गारठते.

सह्याद्रीचा बराचसा भाग बेसाल्ट खडकाचा आहे. कोरड्या गवताळ मातीच्या तुलनेत कातळ उष्णता वेगाने वाहून नेतो. गडावरील गुहा आणि मंदिरांच्या ओवऱ्यांमध्ये वाऱ्यापासून आडोसा मिळतो. परंतु तेथील दगडी जमीन थंड आणि अनेकदा ओलसर असते.

प्रकार

मॅट : बंद पेशींच्या फोमची गुंडाळता येणारी मॅट महाराष्ट्रातील गिरिभ्रमकांमध्ये ‘कॅरीमॅट’ या नावाने ओळखली जाते. ती स्वस्त, हलकी व टिकाऊ असते आणि पाणी शोषत नाही. काटा टोचल्याने निकामीही होत नाही. हवेने फुगणारी मॅट अधिक मऊ असून लहान जागेत मावते, पण करवंदीच्या काट्याने वा खडकाच्या धारेने तिला छिद्र पडू शकते. मॅटचे उष्णतारोधन आर-मूल्याने दर्शवतात. हे मूल्य जितके अधिक, तितके रोधन अधिक. साधारणपणे १ ते २ आर-मूल्य उबदार हवामानासाठी, २ ते ४ थंड रात्रींसाठी आणि त्याहून अधिक मूल्य हिमाच्छादित प्रदेशासाठी योग्य मानले जाते. दोन मॅट एकावर एक ठेवल्यास त्यांच्या मूल्यांची बेरीज होते.

स्लीपिंग बॅग : आकारानुसार आयताकृती आणि पायाकडे निमुळती (ममी) असे दोन मुख्य प्रकार आहेत. निमुळती बॅग कमी वजनात अधिक ऊब देते. आयताकृती बॅगेत हालचालीस वाव मिळतो व ती पूर्ण उघडून पांघरता येते. पिसांची बॅग हलकी असून लहान घडीत मावते, मात्र ओली झाल्यावर पिसे चिकटून तिची ऊब फार कमी होते. कृत्रिम तंतूंची बॅग जड व आकाराने मोठी असते, पण ओलसर अवस्थेतही काही ऊब टिकवते आणि लवकर वाळते. त्यामुळे सह्याद्रीच्या दमट हवेत ती अधिक सोयीची ठरते.

लायनर : सुती, रेशमी वा फ्लीस कापडाचे पिशवीसारखे अस्तर. ते बॅग घामापासून स्वच्छ ठेवते आणि थोडी ऊब वाढवते. उन्हाळ्यात केवळ लायनरही पुरेसे होते. साधी चादर दुमडून दोन बाजूंनी शिवल्यास घरच्या घरी लायनर तयार होते.

उशी : फुगवण्याच्या उशीऐवजी कोरड्या कपड्यांनी भरलेली कापडी पिशवी वापरण्याची पद्धत रूढ आहे.

तापमान दर्शक मानके

स्लीपिंग बॅगेवरील तापमानांची तुलना करता यावी म्हणून युरोपात ईएन १३५३७ हे मानक लागू झाले. पुढे त्याची जागा आयएसओ २३५३७ या आंतरराष्ट्रीय मानकाने घेतली. त्यात पुढील तापमाने महत्त्वाची आहेत :

• सुखद तापमान : सैल अवस्थेत झोपलेल्या प्रमाणित स्त्रीला थंडी न वाजता झोप लागेल असे तापमान.
• मर्यादा तापमान : अंग आक्रसून झोपलेल्या प्रमाणित पुरुषाला झोप घेता येईल असे किमान तापमान.
• आत्यंतिक तापमान : शरीराचे तापमान धोकादायक पातळीपर्यंत घसरण्याची शक्यता असलेले, केवळ जीव वाचवण्यापुरते लक्षात घ्यावयाचे तापमान.

खरेदी करताना सुखद तापमान विचारात घेणे योग्य असते. वेष्टनावर ठळक छापलेला आकडा अनेकदा मर्यादा वा आत्यंतिक तापमानाचा असू शकतो. ही चाचणी उष्णता मोजणाऱ्या पुतळ्यावर, त्याला अंतर्वस्त्रांचा थर घालून आणि खाली मॅट अंथरून घेतली जाते. म्हणजेच मॅट नसल्यास बॅगेवरील आकडा लागू पडत नाही.

सह्याद्रीतील उंची व ऋतुमान

समुद्रसपाटीपासून वर जाताना हवेचे तापमान सरासरी दर १,००० मीटरला सुमारे ६.५ अंश सेल्सिअसने घटते. या हिशेबाने ठाण्यात रात्रीचे तापमान १८ अंश असताना सुमारे ८५० मीटर उंचीच्या माहुलीवर ते १२ ते १३ अंश, सुमारे १,४२४ मीटर उंचीच्या हरिश्चंद्रगडावर ९ अंशांच्या आसपास आणि १,६४६ मीटर उंचीच्या कळसूबाईवर ७ ते ८ अंश येते. हा केवळ अंदाज असून वारा, ढग आणि आर्द्रतेनुसार त्यात फरक पडतो. निरभ्र व निवांत रात्री थंड हवा उतारावरून खाली साचत असल्याने दरीच्या तळाशी असलेले गाव माथ्यापेक्षाही गार असू शकते.

हिवाळा (नोव्हेंबर ते फेब्रुवारी) : ५ ते १० अंश सुखद तापमानाची बॅग, मॅट, कानटोपी व कोरडे मोजे आवश्यक असतात. पहाटे दव पडत असल्याने उघड्यावर झोपल्यास बॅगेचा बाहेरचा भाग ओला होतो.

उन्हाळा (मार्च ते मे) : लायनर किंवा पातळ चादर व मॅट पुरेशी ठरते, मच्छरदाणी अधिक महत्त्वाची असते.

पावसाळा (जून ते सप्टेंबर) : सर्व शयनसाहित्य जलरोधक पिशवीत ठेवावे लागते, रकसॅकवरील आवरण एकटे पुरत नाही. झोपण्यासाठी कपड्यांचा एक कोरडा जोड राखून ठेवला जातो. शरीराचे तापमान ३५ अंशांखाली जाण्याच्या अवस्थेस अल्पताप (हायपोथर्मिया) म्हणतात. ओले कपडे आणि वारा एकत्र आल्यास हवेचे तापमान १० ते १५ अंश असतानाही ही अवस्था येऊ शकते. ऊब मिळवण्यासाठी बंद तंबूत शेगडी वा स्टोव्ह पेटवल्यास कार्बन मोनॉक्साइड वायूमुळे मृत्यू ओढवू शकतो.

साप, विंचू व कीटक

महाराष्ट्रात जमिनीवर झोपणाऱ्यांना मण्यार या विषारी सापापासून विशेष धोका संभवतो. मण्यार निशाचर असून तिचा दंश बहुधा झोपेत होतो. दंशाच्या जागी वेदना व सूज अत्यल्प असल्याने तो लक्षातही येत नाही. पहाटे पोटात दुखणे, पापण्या जड होणे, गिळताना वा श्वास घेताना त्रास होणे ही त्याची लक्षणे असू शकतात. अशा वेळी दंशाची खूण शोधण्यात वेळ न घालवता रुग्णाची हालचाल कमीत कमी ठेवून त्याला प्रतिसर्पविष उपलब्ध असलेल्या रुग्णालयात नेणे आवश्यक असते. जखम कापणे, चोखणे किंवा घट्ट आवळपट्टी बांधणे घातक ठरते. महाराष्ट्रात रुग्णवाहिकेसाठी १०८ हा क्रमांक आहे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शक सूचनांत जमिनीवर झोपणे टाळावे आणि कडा अंथरुणाखाली नीट खोचलेली मच्छरदाणी वापरावी, असे सुचवले आहे. गिरिभ्रमणात जमिनीवर झोपणे टाळता येत नसल्याने तळ शिवलेला व साखळी (झिप) पूर्ण बंद होणारा तंबू हा त्यास पर्याय ठरतो. खरकट्यामुळे उंदीर व उंदरांमागे साप येतात, म्हणून अन्न झोपण्याच्या जागेपासून दूर ठेवले जाते.

कोकण व सह्याद्रीच्या पायथ्याशी आढळणाऱ्या तांबड्या विंचवाचा दंश हृदयावर परिणाम करतो. त्यावर प्राझोसिन या औषधाचा उपयोग महाड येथील डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी दाखवून दिला. स्लीपिंग बॅग झोपण्याच्या वेळीच उलगडणे आणि सकाळी बूट झटकून घालणे हे यावरील साधे उपाय आहेत. सिंधुदुर्ग जिल्ह्यात २०१६ पासून आढळलेला माकडताप हा आजार गोचिडांमुळे पसरतो; त्यामुळे तेथील जंगलात पालापाचोळ्यावर थेट अंथरूण टाकणे टाळले जाते.

ठाणे परिसर

ठाणे शहरातील माजिवडा येथे घोडबंदर रस्ता मुंबई–नाशिक महामार्गाच्या दिशेने जाणाऱ्या रस्त्यास मिळतो. माहुली, कळसूबाई आणि भंडारदरा परिसराकडे रस्त्याने जाणारे गिरिभ्रमक या बाजूने बाहेर पडतात. उपनगरी रेल्वेने आसनगाव (माहुलीसाठी) व कसारा येथे पोहोचता येते, तर कल्याणमार्गे माळशेज घाटाकडे जाऊन खिरेश्वरहून हरिश्चंद्रगड चढता येतो. हे सर्व प्रवास समुद्रसपाटीलगतच्या उबदार व दमट शहरातून सुरू होतात. त्यामुळे घरातील हवेवरून माथ्यावरील रात्रीचा अंदाज बांधणे ही नवख्यांची सामान्य चूक ठरते.

शहरालगतचा येऊर परिसर संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार राष्ट्रीय उद्यानात व अभयारण्यात प्रवेशासाठी परवानगी लागते. येऊरच्या जंगलात बिबट्यांचा वावर असून तेथे विनापरवाना रात्रीचा मुक्काम करता येत नाही. कळसूबाई आणि हरिश्चंद्रगड हे त्याच नावाच्या अभयारण्यात येत असल्याने तेथेही वनविभागाचे नियम पाळावे लागतात. संरक्षित स्मारक असलेल्या किल्ल्यांवरील मुक्कामावरही निर्बंध असू शकतात.

निगा व साठवण

वापरानंतर बॅग उलटी करून सावलीत पूर्ण वाळवली जाते. कोकणपट्टीतील दमट हवेत ओलसर राहिलेल्या बॅगेला बुरशी लागते व कुबट वास येतो. दीर्घकाळ आवळून ठेवल्याने पिसे व तंतू दबून फुगण्याची क्षमता गमावतात, म्हणून घरी बॅग मोठ्या सुती पिशवीत सैल ठेवणे किंवा टांगणे योग्य असते. पावसाळ्यात ती अधूनमधून हवेशीर जागी उलगडली जाते. वारंवार धुतल्याने भरण विस्कटत असल्यामुळे बॅगऐवजी लायनर धुणे श्रेयस्कर असते. नायलॉनचे कापड ठिणगीने वितळत असल्याने शेकोटीजवळ बॅग वापरली जात नाही.

मर्यादित खर्चात साहित्य जमवताना प्रथम मॅट व जलरोधक पिशवी, नंतर बंद तळाचा तंबू किंवा मच्छरदाणी आणि शेवटी स्लीपिंग बॅग असा क्रम सह्याद्रीसाठी व्यवहार्य ठरतो. कोरड्या मॅटवर घरातील घोंगडी वा ब्लँकेटही अनेक रात्रींना पुरते. हिमालयातील मोहिमांसाठी मात्र अधिक आर-मूल्याची मॅट आणि शून्याखालील सुखद तापमानाची बॅग लागू शकते.