राखीव छत्री का नाही? बेस जंपिंगचं साहित्य आणि उसन्या उपकरणांची गोष्ट

पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी माझे चार महिने वाया गेले. माझं काम कापडातून हवा किती झिरपते हे मोजण्याचं. त्यासाठी दाबातला फरक मोजणारं एक यंत्र मी शेजारच्या प्रयोगशाळेतून उसनं आणलं होतं. यंत्र महागाचं होतं, कॅलिब्रेशनचं प्रमाणपत्र सोबत होतं, कुणी बोट ठेवावं असं त्यात काही नव्हतं. फक्त ते ज्या दाबासाठी बनवलं होतं, त्याच्या शंभराव्या हिश्शात माझे सगळे आकडे येत होते. चार महिने मी कापड मोजत नव्हते, यंत्राची स्वतःची थरथर मोजत होते.

कापडाच्या झिरपण्यावरचं जुनं काम वाचायला लागलं की माणूस हमखास पॅराशूटपाशी येऊन पोहोचतो. मीही पोहोचले, आणि तिथून बेस जंपिंगकडे वळले. आज तोच इतिहास सांगते. संशोधनाची तयारी करणाऱ्यांनी तो का वाचावा, हे वाचता वाचता तुमच्या लक्षात येईलच.

आधी एक फरक स्पष्ट करून घेऊ. आपल्याकडे आकाशातून उडी म्हटलं की पुण्याच्या शीतल महाजन आठवतात. ते स्कायडायव्हिंग. विमान साधारण चार हजार मीटरवर नेतं, मिनिटभर मोकळं पडायला मिळतं आणि पाठीवर दोन छत्र्या असतात, एक मुख्य आणि एक राखीव. बेस जंपिंगमध्ये विमान नसतं. इमारत, मनोरा, पूल आणि कडा या चार गोष्टींच्या इंग्रजी नावांची आद्याक्षरं जुळवून हा शब्द झाला. उडी शंभर-दीडशे मीटरवरूनही असते, आणि पाठीवर छत्री एकच असते. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला हा निव्वळ वेडेपणा वाटला होता. पण तो निष्काळजीपणा नाही, हिशेब करून घेतलेला निर्णय आहे. तो हिशेब मांडेपर्यंत बरीच माणसं गेली.

सुरुवात पॅरिसपासून करू. फ्रान्झ रायशेल्ट हा शिंपी होता. वैमानिकाला अंगात घालता येईल आणि पडताना उघडेल असा कोट शिवायचं त्याच्या मनात होतं. तशा छत्रीसाठी तेव्हा 10,000 फ्रँकचं बक्षीसही लागलेलं होतं. त्यानं आपल्या इमारतीच्या पाचव्या मजल्यावरून पुतळे टाकून पाहिले. सुरुवातीचे काही पुतळे बरे उतरले. पण कोट अंगात घालता येईल इतका आटोपशीर केल्यावर पुतळे आपटायला लागले. इथे नीट लक्ष द्या. रायशेल्टनं अपयशाचं कारण काय दिलं? उंची कमी पडते. जास्त उंची मिळाली तर कोट नक्की उघडेल.

हे कारण मूर्खपणाचं नव्हतं, हे आधी मान्य करू. छत्री उघडायला खरंच अंतर आणि वेग लागतो. पण या कारणाची खोच अशी की त्यामुळे हातातला प्रत्येक नकारात्मक निकाल बाद ठरत होता. कमी उंचीवरचं अपयश पुरावा म्हणून चालणार नव्हतं, आणि जास्त उंची मिळाली तेव्हा त्यानं पुतळा टाकलाच नाही. पोलिसांची परवानगी पुतळ्याच्या चाचणीसाठी होती. 4 फेब्रुवारी 1912 ला, कडाक्याच्या थंडीत, तो आयफेल टॉवरच्या पहिल्या मजल्यावर स्वतः तो कोट घालून गेला. मित्रांनी समजावलं, ऐकलं नाही. कठड्यावर तो चाळीसेक सेकंद घुटमळला आणि मग उडी मारली. उंची साधारण 57 मीटर. हवेचा विरोध सोडून दिला तर हे अंतर 3.4 सेकंदांत संपतं. कोट त्याच्या अंगाभोवती गुंडाळला गेला आणि रायशेल्ट जागीच गेला. त्याच्या दोनच दिवस आधी न्यूयॉर्कमध्ये फ्रेडरिक लॉनं स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्यावरून छत्रीनं उडी मारली होती आणि तो वाचला होता. म्हणजे कमी उंचीवरून उतरणं अशक्य होतं असंही नाही.

रायशेल्टची उडी चित्रफितीवर आहे. मी ती एकदा पाहिली, पुन्हा पाहणार नाही.

आता राखीव छत्रीकडे येऊ. एक बिघडली तर दुसरी आहे, या विचारावर आपला इतका विश्वास असतो की आपण तो तपासतही नाही. 1930 च्या दशकात क्लेम सोन नावाचा अमेरिकन तरुण हातापायांमध्ये कापडी पंख लावून विमानातून उडी मारायचा, तरंगायचा आणि मग छत्री उघडायचा. आजच्या विंगसूटचा हा पूर्वज. 25 एप्रिल 1937 ला फ्रान्समधल्या व्हँसेन इथे मोठ्या जमावासमोर त्यानं उडी मारली. मुख्य छत्री गुंतली. राखीव उघडली, तीही गुंतली. वय 26. पुढे फ्रान्सच्या लेओ वालांतँनं लाकडी पंख वापरले. 21 मे 1956 ला लिव्हरपूलजवळच्या स्पीक विमानतळावर बाहेर पडताना पंख विमानाच्या दाराला लागला, तो गरगरत खाली आला आणि त्याच्याही छत्र्यांचा उपयोग झाला नाही.

संभाव्यतेच्या गणितात आपण काय करतो? एका छत्रीच्या बिघाडाची शक्यता हजारात एक धरली, तर दोन्ही बिघडण्याची दहा लाखांत एक. हा गुणाकार चालतो, पण दोन्ही बिघाड एकमेकांपासून स्वतंत्र असतील तरच. सोन आणि वालांतँच्या बाबतीत ते स्वतंत्र नव्हते. पंखांनी अडचण केली किंवा शरीर गरगरलं की पहिली छत्री ज्या कारणानं गुंतते, त्याच कारणानं दुसरीही गुंतते. स्कायडायव्हिंगमध्ये ही अडचण बरीचशी सुटली, कारण बिघडलेली मुख्य छत्री आधी सोडून देण्याची सोय झाली. 1970 च्या दशकात बिल बूथनं केलेली तीन कड्यांची जोडणी आजही तेच काम करते. पण आधी सोडा, मग दुसरी उघडा, यालाही वेळ लागतो. आणि वेळ हाच बेस जंपिंगमधला सगळ्यात महाग माल.

जुलै 1966 मध्ये मायकेल पेल्की आणि ब्रायन शूबर्ट यांनी कॅलिफोर्नियातल्या योसेमिटीच्या एल कॅपिटन कड्यावरून उड्या मारल्या. कडा जवळजवळ 900 मीटर, म्हणजे वेळेची तक्रार नाही. पण छत्र्या गोल होत्या आणि गोल छत्रीला फारसं वळवता येत नाही. वाऱ्यानं दोघांनाही कड्यावर ढकललं. दोघांची हाडं मोडली, पण जीव वाचला. विमानाखाली मोकळं आकाश असतं, तिथे छत्री कुठल्या दिशेला तोंड करून उघडते याला काही महत्त्व नाही. कड्यापाशी तेच सगळ्यात महत्त्वाचं ठरतं.

यावरचा उपाय बेस जंपिंगसाठी शोधलेला नव्हता. डोमिना जाल्बर्ट नावाच्या पतंग बनवणाऱ्यानं 1960 च्या दशकात हवा भरून पंखासारखा आकार घेणारी चौकोनी छत्री तयार केली. ऑगस्ट 1978 मध्ये कार्ल बेनिशनं त्याच एल कॅपिटनवरून चौकोनी छत्र्यांच्या उड्यांचं चित्रीकरण केलं, आणि या खेळाला रूप आलं. 1981 पासून चारही प्रकारच्या ठिकाणांवरून उडी मारणाऱ्यांना क्रमांक देण्याची पद्धत सुरू झाली. बेनिशचा क्रमांक चौथा. जुलै 1984 मध्ये नॉर्वेच्या ट्रोलव्हेग्गेन कड्यावर तो गेला.

इथून पुढचा भाग मला सगळ्यात आवडतो. सुरुवातीची मंडळी स्कायडायव्हिंगचंच साहित्य वापरत होती, म्हणजे उसनं. मग हळूहळू एकेक गोष्ट वगळावी लागली किंवा बदलावी लागली, आणि गंमत म्हणजे वगळलेल्या बऱ्याच गोष्टी मुळात सुरक्षेसाठीच होत्या.

पायलट शूट घ्या. ही हातानं बाहेर फेकायची छोटी छत्री. ती हवा धरते आणि मोठ्या छत्रीला पिशवीतून ओढून काढते. तिची ओढ वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. स्कायडायव्हर सेकंदाला साधारण 55 मीटर वेगानं पडत असतो, तर पुलावरून उडी मारून दोन सेकंद झालेल्या माणसाचा वेग असतो साधारण 20. हिशेब करा, त्याच छत्रीची ओढ सातपटीहून कमी भरते. म्हणून स्कायडायव्हिंगमध्ये 24 ते 28 इंचांची पायलट शूट पुरते आणि कमी उंचीच्या बेस उडीला 46 किंवा 48 इंचांची लागते. मग कायम मोठीच का वापरू नये? कारण उंच कड्यावरून बराच वेळ पडल्यावर तीच मोठी छत्री इतक्या जोरात हिसका देते की मुख्य छत्री वेडीवाकडी, धसक्यानं उघडते. तिथे पुन्हा लहान लागते. ‘सगळ्यात सुरक्षित पायलट शूट कोणती’ या प्रश्नाला उत्तर नाही. किती सेकंदांनी फेकणार, हे आधी सांगावं लागतं.

दुसरं उदाहरण आपोआप छत्री उघडणाऱ्या यंत्राचं. सायप्रेस हे जर्मन यंत्र 1991 मध्ये आलं आणि त्यानं स्कायडायव्हिंगमध्ये कितीतरी जीव वाचवले. माणूस बेशुद्ध झाला तरी साधारण 225 मीटरवर, वेग सेकंदाला 35 मीटरपेक्षा जास्त असेल, तर ते राखीव छत्री उघडतं. आता अमेरिकेतल्या आयडाहोमधला पेरीन पूल पाहा. बेस जंपिंगचं ते नावाजलेलं ठिकाण, उंची 148 मीटर. म्हणजे जिथून उडी सुरू होते तीच जागा यंत्राच्या धोक्याच्या रेषेखाली आहे. यंत्र उत्तम आहे, पण त्याच्या गृहीतकांत हा पूल बसत नाही.

माझ्या उसन्या यंत्राचं हेच झालं होतं.

तिसरं म्हणजे स्लायडर, दोऱ्यांवरून खाली सरकणारा कापडाचा चौकोन. तो छत्रीचं उघडणं लांबवतो, नाहीतर वेगात हाडं खिळखिळी व्हायची. कमी उंचीवर मात्र लांबवायला वेळच नसतो, म्हणून तो काढतात किंवा आधीच खाली ओढून ठेवतात. पण तो दोऱ्यांना जागेवरही धरत होता, हे काढल्यावर कळलं. एखादी ब्रेकची दोरी छत्रीच्या पुढच्या कडेवरून पलीकडे जाऊन अडकायला लागली. त्यावर दोन उपाय निघाले. एक, मागच्या दोऱ्या क्षणभर एकत्र धरणारा छोटा फास. दुसरा, अडकलीच तर ती दोरी हातातून पूर्ण सोडून देता येईल अशी रचना. एक भाग काढला की तो मुकाट्यानं आणखी कोणतं काम करत होता ते दिसतं. तुमच्या प्रयोगातली एखादी ‘अनावश्यक’ पायरी गाळण्याआधी हे आठवलं तर बरं.

विंगसूटमध्ये प्रश्न आणखी बदलतो. उडणाऱ्याच्या पाठीमागे हवेचा भोवरा तयार होतो आणि पायलट शूट त्यात अडकून लोळत राहू शकते, म्हणून तिची पट्टी पुरेशी लांब लागते. आधुनिक विंगसूटचा जनक म्हणता येईल असा पात्रिक द गेयार्दाँ 1997 मध्ये उडत्या विमानात हवेतून परत शिरला होता. 13 एप्रिल 1998 ला हवाईमध्ये तो गेला, त्याचं कारण सूट नव्हता. छत्रीच्या पिशवीत त्यानं स्वतः केलेल्या बदलात चूक राहिली होती. इतका अनुभवी माणूस, आणि ज्या छत्रीवर शंका घ्यायचं त्याला कारणच नव्हतं तिथेच फसला. पुढच्याच वर्षी यारी कुओस्मा आणि रॉबर्ट पेचनिक यांच्या बर्डमॅन कंपनीनं विक्रीसाठी सूट आणले. ठरलेलं माप, ठरलेली शिकवण. आज अमेरिकेत पहिल्या विंगसूट उड्डाणाआधी किमान 200 स्कायडाइव्ह लागतात.

मग हे सगळं साहित्य आज कितपत सुरक्षित आहे? दोन अभ्यास शेजारी ठेवून वाचा. नॉर्वेतल्या शेराग कड्यावर 1995 ते 2005 या काळात 20,850 उड्या झाल्या, त्यात 9 मृत्यू आणि 82 इतर अपघात. म्हणजे सुमारे 2,317 उड्यांमागे एक मृत्यू. हा आकडा निघू शकला, कारण सुखरूप झालेल्या उड्यांचीही नोंद होती. दुसरा अभ्यास जगभरातल्या मृत्यूंच्या यादीवरचा, 1981 ते 2011, 180 मृत्यू. त्यात एकूण उड्या किती ते नाही, म्हणून धोक्याचं प्रमाण काढता येत नाही. पण माणसं कशानं गेली हे त्यातूनच कळतं. विंगसूटमधले बहुतेक मृत्यू कड्यावर किंवा जमिनीवर आदळून झाले, आणि मुख्यतः उड्डाणमार्गाचा अंदाज चुकल्यामुळे. छत्री न उघडल्यामुळे नव्हे. पहिला अभ्यास ‘किती’ सांगतो, पण एकाच हजार मीटरच्या कड्यापुरता. दुसरा ‘कसे’ सांगतो, पण कितीपैकी ते नाही. पेरीन पुलावर उभ्या असलेल्या माणसाला 2,317 हा आकडा दाखवून काही उपयोग नाही.

एक माहिती मुद्दाम शेवटी ठेवली होती. 1966 मध्ये एल कॅपिटनवरून वाचलेला ब्रायन शूबर्ट चाळीस वर्षांनी, ऑक्टोबर 2006 मध्ये, वेस्ट व्हर्जिनियातल्या न्यू रिव्हर गॉर्ज पुलावरून पुन्हा उडी मारायला गेला. वय 66. पुलाची उंची 267 मीटर. छत्रीत दोष निघाला नाही. त्यानं ती उशिरा उघडली.

पुढच्या लेखात माझ्या मूळ विषयाकडे येते: कापडाची झिरपण्याची क्षमता मोजताना दाबाचा पल्ला कसा ठरवायचा. त्या चार महिन्यांचे आलेखही दाखवीन, हसायला हरकत नाही.